लाईट बघायचा फोटो

अलिबागला जिल्हाधिकारी कचेरीकडे वळणाऱ्या रस्त्यावर, नोटरी, झेरॉक्स आणि स्टॅम्पपेपरवाल्यांच्या ओळीत, सिराजुद्दीनचाचांचा फोटो स्टुडिओ आहे. दुकान जेमतेम दहा पावलांचं. दारात काउंटर, त्यामागे गिऱ्हाईकाला बसवायचं स्टूल आणि पांढरी भिंत, आणि सगळ्यात शेवटी एक निळा पडदा. त्या पडद्याआड कॉम्प्युटर होता, आणि कॉम्प्युटरपुढे भक्ती गमरे अकरा वर्षं बसत होती.

चाचा फोटो काढत आणि भक्ती तो साफ करी. साफ करणं हा त्या धंद्यातला शब्द. गालावरची पुटकुळी, डोळ्याखालचं काळं, कांजिण्यांचे वण, कपाळाला चिकटलेला केस, सगळं माऊसच्या टोकाने उचलायचं आणि शेजारची चांगली कातडी त्या जागी आणून बसवायची. भक्तीचा हात इतका हलका की साफ केलेलं कोणाला कळत नसे. लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढून गेलेल्या मुली दुसऱ्या दिवशी पाकीट उघडून म्हणत, "चाचा, तुमचा कॅमेरा एकदम भारी आहे हं." चाचा गंभीरपणे मान डोलवत आणि पडद्याआड भक्ती हसू दाबत असे.

दुकानाचा नियम एकच होता. चाचांनी शारजात सोळा वर्षं पासपोर्टचे फोटो काढले होते आणि तो नियम ते तिथूनच घेऊन आले होते. ओळखीसाठी लागणारा फोटो साफ करायचा नाही. कोर्टाचा, बँकेचा, दवाखान्याचा फोटो जसा निघाला तसाच द्यायचा. भक्ती नवीन असताना तिच्याकडून एकदा हा नियम मोडला होता. नवगावचे भागोजी नाखवा, मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले, पेन्शनच्या कागदाला लावायला फोटो काढून गेले. भक्तीने हाताच्या ओघात त्यांच्या हनुवटीवरचा जुना वण पुसला, गालांच्या सुरकुत्या विरवल्या, डोळ्यांखालच्या पिशव्या चपट्या केल्या. चार दिवसांनी भागोजी परत आले ते पाकीट काउंटरवर आपटतच.

"सायब बोलतो, नाखवा, पेन्शन तुमचं हाय ना, मग पोराचा फोटो कशाला आणलात?"

चाचांनी फुकट दुसरा फोटो काढून दिला. जाताना भागोजींनी विचारलं, "आत कोन बसतंय?"

"आहे एक मुलगी."

"तिला सांगा, हनवटीवरचा वण बोटीच्या दोरानं दिलाय. पुसायचा तर दोराला इचारून पुसायचा."

त्यानंतर दर नोव्हेंबरात भागोजी येत आणि स्टुलावर बसण्याआधी पडद्याच्या दिशेने मोठ्याने बजावत, "साफ न्हाय करायचा, हां." त्यांनी भक्तीला कधी पाहिलं नाही. भक्तीला मात्र त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ पाठ होती.

दुकानाचा दिवस मात्र भक्तीपासूनच सुरू होई. साडेनऊला, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, चाचा दोन्ही बाजूंचे दिवे लावत आणि हाक मारत, "भक्ती, बस जरा. लाईट बघू." ती स्टुलावर बसे. चाचा एक फोटो काढत, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघत, डावीकडचा दिवा वीतभर मागे सारत आणि म्हणत, "उठ बेटा, झालं." तो फोटो भक्तीने कधी बघायला मागितला नाही. तवा तापलाय की नाही ते बघायला पाण्याचे दोन थेंब उडवतात, त्या थेंबांचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही.

एरवी तिचा फोटो कुठे नव्हता. धम्मदीपच्या, म्हणजे सख्ख्या भावाच्या लग्नातही ती दिवसभर फोटोग्राफरच्या मागे उभी राहून दिव्याची छत्री धरत होती. अल्बममध्ये दोन ठिकाणी तिचा हात आला आहे.

कारण होतं गालांचं. चौदाव्या वर्षी तिच्या तोंडावर मुरुम उठले ते आठ वर्षं राहिले. आई, जयमाला, शाळेत मुलांची खिचडी रांधायला जायची. तिथल्या बायका सांगतील ते ती घरी करून बघे. कडुनिंबाचा पाला, मसुराचं पीठ, जायफळ उगाळून, आणि मोठा मुरुम दिसला की दोन अंगठ्यांमध्ये धरून दाबणं. मुरुम गेले, पण जाताना जागा उकरून गेले. दोन्ही गालांवर खळगे, काही टाचणीच्या डोक्याएवढे, डाव्या गालावर चार चांगले खोल, आणि सगळ्यांवर मिळून एक लाली, जी थंडीत, उन्हात, कोणी नुसतं टक लावून पाहिलं तरी गडद व्हायची. शाळेत तिला मुलं 'घावन' म्हणत. घावनाला जाळी पडली की तो चांगला झाला असं घरोघर म्हणतात. भक्तीने मात्र नववीपासून घावन खाल्ला नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दुकानात एक डॉक्टर फोटो काढायला आली. अरिबा नाव. मूळची मुरूडकडची, मुंबईत शिकून अलिबागला कातडीचा दवाखाना घातलेला. पडद्याआडून भक्तीला ऐकू येत होतं.

"चाचा, साफबिफ करू नका हं. पेशंट म्हणतील, फोटोतली डॉक्टर कुठेय?"

फोटो न्यायला ती नेमकी शुक्रवारी दुपारी आली. चाचा नमाजाला गेलेले. भक्तीला पडदा सारून पुढे यावं लागलं. ती ओढणी गालावर ओढून पाकीट पुढे करत होती तेवढ्यात डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. या पाहण्याला भक्ती तयार होती, पण हे पाहणं निराळं निघालं. सुतार लाकडाकडे बघतो तसं होतं ते.

"जुने आहेत ना हे? सात-आठ वर्षांपूर्वीचे?" डॉक्टर म्हणाली. "आता नवीन येत नाहीत?"

"नाही."

"मग यावर काम करता येईल. या एकदा."

आजवर लोकांनी तिला कारण विचारलं होतं, उपाय सांगितले होते, चुकचुकले होते. वय कोणी विचारलं नव्हतं, त्या वणांचं.

मंगळवारी, १७ जूनला, भक्ती दवाखान्यात गेली. डॉक्टरने कागदावर खळग्याचं चित्र काढून समजावलं. लेझरचा किरण कातडीत बारीक बारीक भोकं पाडत जातो, मध्येमध्ये चांगली कातडी सोडून. त्या जखमा भरताना कातडी खालून नवीन माल तयार करते आणि खळगा हळूहळू वर येतो. लालीसाठी किरण वेगळा, तो फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर जातो. महिन्याच्या अंतराने पाचसहा बैठका. उन्हापासून जपायचं, कारण आपली सावळी कातडी भाजली की काळे डाग धरते. म्हणून मशीनची ताकदही बेताने ठेवायची.

"खड्डे जातील?" भक्तीने विचारलं.

"जाणार नाहीत. काठ मऊ होतील. सावली कमी पडेल."

हे भक्तीला एकदम कळलं. फोटोत खळगा दिसतो तो खळग्यामुळे नाही, काठाच्या सावलीमुळे. ती अकरा वर्षं सावल्याच तर पुसत होती.

आईला हे पटलं नाही. "माझे बाय, तोंड जाळून घ्यायला कुनी डागतरकडं जातं काय?"

"जाळत नाहीत गं. टोचतात."

"जाळलं काय न् टोचलं काय. मुठेल लावून बघू म्हनलं तर तुला वास येतो." मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा गोळा. जयमालाचा त्याच्यावर सरकारी दवाखान्यापेक्षा जास्त विश्वास होता.

चाचांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कर बेटा. पण माझंही ऐक. दिवाळीनंतर मी गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेणार. दोन महिने तरी पुढे कोणीतरी उभं राहायला लागेल. कॅमेरा तुला येतो. तू उभी राहिलीस तर दुकान चालेल, नाहीतर शटर खाली."

"बघू," भक्ती म्हणाली. कॅमेरा तिला खरंच येत होता. गिऱ्हाईकासमोर उभं राहणं येत नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, दिवाळीपर्यंत चार बैठका होतील. तेवढ्यात गाल बरे झाले तर पुढे यायचं. नाही झाले तर चाचांनी खुशाल शटर ओढावं.

आता इथे तिची चूक झाली.

दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टर मोबाईलवर फोटो काढायला लागली, तर वर ट्यूबलाईट, बाजूला खिडकी. भक्तीला राहवलं नाही. "मॅडम, या उजेडात काही कळणार नाही. दर वेळी एकाच लाईटमध्ये पाहिजे. आमच्या स्टुडिओतून आणते." डॉक्टरला आनंदच झाला. पहिली बैठक दहा जुलैला होती. नऊ तारखेला चाचांनी तिचे तीन फोटो काढले, समोरून, डावीकडून, उजवीकडून. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा भक्तीने ते आपल्या कॉम्प्युटरवर उघडले. हातभर रुंदीच्या पडद्यावर स्वतःचा गाल तिने पहिल्यांदाच पाहिला.

तिने फक्त कडा कापायला घेतल्या होत्या. मग डाव्या गालावरचा सगळ्यात खोल खळगा तिने थोडासा उथळ केला. एकच. मग त्याच्या शेजारचा विचित्र दिसायला लागला, म्हणून तोही. लाली जराशी खाली आणली. पाऊण तासाने पडद्यावरची मुलगी बरी दिसू लागली, अगदी गुळगुळीत नाही, पण बरी. डॉक्टरने तोंड तर प्रत्यक्ष पाहिलंच आहे, फोटो काय, फाईलला लावायला, असं तिने स्वतःला सांगितलं. स्टुडिओत मूळ फाईलवरच काम करून ती तशीच सेव्ह करायची पद्धत होती, त्यामुळे कॉम्प्युटरवर साफ न केलेला फोटो राहिला नाही. उरले कॅमेऱ्याच्या कार्डावरचे तीन फोटो. चाचा रोज संध्याकाळी ते कार्ड एका हार्डडिस्कवर उतरवून घेत. त्यांच्या हातात कार्ड देण्याआधी भक्तीने ते तिन्ही पुसून टाकले.

बैठका सुरू झाल्या. लेझरचं मशीन अलिबागचं नव्हतं. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ते मुंबईहून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरे आणि गाडीने दवाखान्यात येई, सोबत ते चालवणारा सुजित. मशीनवर त्याचा इतका जीव की कोणी त्याच्या पेटीवर पिशवी ठेवली तरी तो ती उचलून खाली ठेवी. गालाला बधिर करायचं मलम लावून पाऊण तास बसायचं, मग डोळ्यांवर चष्मा, आणि मग गरम वाळू उडल्यासारखे चटके, केस जळाल्याचा बारीकसा वास. दोन दिवस तोंड उन्हात भाजल्यासारखं लाल, नंतर नाचणीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या, आठवड्यात त्या गळून जायच्या. घरी जाताना मिनीडोर रिक्षात भक्ती उन्हाची बाजू टाळून बसे. एरवी ऊन तिला माहीत नव्हतंच. पडद्याआड ऊन येत नसे.

दर बैठकीआधी चाचा फोटो काढत, आणि हे फोटो मात्र ती जसेच्या तसे नेई. आता तिलाच खरं काय ते बघायचं होतं. ती रोज आरशात बघे. कधी वाटे फरक आहे, कधी वाटे आरशाच्या काचेचा दोष आहे. जयमाला म्हणायची, "मला तर तू पयल्यापास्नं अशीच दिसतेस." यात दिलासा होता की काय होतं, ते तिला कळत नसे.

गुरुवारी, ९ ऑक्टोबरला, चौथी बैठक होती. मलम लावण्याआधी डॉक्टरने कॉम्प्युटरवर डावीकडे जुलैचा फोटो लावला आणि उजवीकडे आदल्या दिवशीचा.

"भक्ती, मी सरळच सांगते," ती म्हणाली. "तीन बैठका झाल्या. मला वाटलं होतं फरक पडतोय. पण हे बघा. तेव्हापेक्षा आता खळगे जास्त दिसतात. लालीसुद्धा. काही कातड्यांना लेझर मानवत नाही. तुमची तशी असावी. आपण इथे थांबू."

भक्ती पडद्याकडे बघत राहिली. डावीकडची मुलगी तिने केलेली होती.

डॉक्टरने फाईल उघडून जूनचं पान काढलं. "मी पहिल्या दिवशी 'खोल' असं लिहून ठेवलंय. फोटोत तर तेवढे खोल नव्हते. माझ्याच बघण्यात चूक झाली." आणि तिने पेन घेऊन त्या शब्दावर आडवी रेघ मारली, वर 'मध्यम' लिहिलं आणि बाजूला सही केली. "माझ्या चुकीचा त्रास तुम्हाला झाला. वाईट वाटतंय मला."

सांगायची वेळ तीच होती. भक्तीने तोंड उघडलंही. पण सांगून दाखवणार काय? खरा फोटो तर तिने स्वतःच्या हाताने पुसला होता. साफ केलेला फोटो दाखवून हा खोटा आहे म्हणणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवील? "बरं," एवढंच म्हणून ती उठली. बाहेर सुजित आपली पेटी बंद करायला लागला होता. त्याला संध्याकाळची रो-रो गाठायची होती.

दवाखान्यापासून स्टुडिओपर्यंत पायी दहा मिनिटं. रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे लेझर नव्हतं, गालही नव्हते. ती रेघ होती. एका शिकलेल्या बाईने आपलं खरं लिहिलेलं खोडून खोटं लिहिलं होतं, भक्तीच्या भरवशावर.

चाचा काउंटरवर डबा खात होते. "इतक्यात झालं?"

"चाचा, जुलैची नऊ तारीख. त्या दिवशीच्या कार्डावरचं काय काय आहे तुमच्याकडे?"

"जे होतं ते सगळं."

"माझे तीन नाहीत."

"ते तू पुसलेस," चाचा घास गिळून म्हणाले. "दिसलं मला. नंबर तुटलेला होता मधला. म्हटलं, मुलीचे फोटो, मुलीची मर्जी."

भक्ती स्टुलावर बसली. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, डबा बंद केला आणि हात धुऊन येऊन विचारलं, "कसला फोटो पाहिजे तुला?"

"माझा. लेझरच्या आधीचा. साफ न केलेला."

"मग त्या दिवशीचा लाईटचा फोटो बघ ना."

"तो तुम्ही ठेवता?"

"मी कशाला पुसू? कोणता फोटो कोणाला कधी लागेल, अल्लालाच ठाऊक." बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी हार्डडिस्क काढून दिली. डब्यात तसल्या आणखी चार होत्या.

नऊ जुलैच्या फोल्डरमधला पहिलाच फोटो. वेळ नऊ चौतीस. स्टुलावर बसलेली, कुठे बघायचं ते न ठरवलेली भक्ती, डाव्या बाजूचा दिवा जरा जवळच राहिलेला. खळगे सगळे होते. चारही खोल, काठाला काळ्या सावल्या, आणि गालभर लाली.

ती लगेच उठली नाही. तिने त्याच्या आधीचा दिवस उघडला, मग त्याच्या आधीचा. प्रत्येक फोल्डरमध्ये पहिली तीच होती. रविवार सोडून रोज, अकरा वर्षं. जिचा फोटो कुठेच नाही असं ती समजत होती तिचे तीन हजारांवर फोटो या डब्यात होते. पहिल्या दिवसाची, दोन वेण्यांची. बाबा गेले त्यानंतर दहा दिवसांनी कामावर आली ती, डोळे सुजलेली. धम्मदीपच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची, केसात कालचा गजरा तसाच. एका फोटोत ती हसत होती. चाचांनी काय म्हटलं होतं ते आता आठवेना. गाल प्रत्येकात होते. पण गालांशिवायही बरंच होतं.

"चाचा, दर वेळी मलाच का बसवलंत? भिंतीवर लाईट बघता आला असता."

चाचा म्हणाले, "भिंतीवर कळत नाही. गुळगुळीत तोंडावर पण कळत नाही. तुझ्या गालावर दिवा जरा चुकला की लगेच कळतं. तुझ्या तोंडावर जमला की समजायचं, आज कोणाच्याही तोंडावर जमेल."

हे ऐकून तिला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण चाचा ते असं बोलले होते, जसा सोनार कसोटीच्या दगडाबद्दल बोलतो.

तिने तो फोटो प्रिंटला काढायला घेतला. माऊसचा बाण आपोआप साफ करायच्या गोल कुंचल्याकडे सरकला, अकरा वर्षं सरकत होता तसा. भक्तीने उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने प्रिंटची कळ दाबली.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा सुजितने पेटीचा एक पट्टा आवळला होता.

"मॅडम, तो जुलैचा फोटो खोटा आहे," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "मी साफ केला होता. हा खरा. त्याच दिवशीचा, सकाळचा."

डॉक्टरने प्रिंट घेतली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग प्रिंटकडे. "का?"

"सवय." मग भक्तीने ते पुरं केलं. "लाज वाटली."

"माझी? मी तर दिवसभर हेच बघते."

"तुमची नाही. फाईलची. माणूस विसरतं. फाईल राहते."

डॉक्टर रागावली, आणि ते बरंच झालं. "तुम्हाला कळतंय का, यावरून मी काय केलं असतं? आज थांबवलं, पण ताकद वाढवलीही असती. तोंड काळं पडलं असतं तुमचं. हे औषध आहे, लग्नाचा बायोडेटा नाही."

"हो."

"माझ्या नोंदीवरचा माझाच विश्वास उडवलात तुम्ही."

"त्याच्यासाठीच आले मी," भक्ती म्हणाली.

मग डॉक्टर खुर्चीवर बसली आणि तिने ती प्रिंट कॉम्प्युटरवरच्या कालच्या फोटोशेजारी धरली. दोघी वाकून बघू लागल्या. या कामात भक्तीची नजर डॉक्टरपेक्षा पक्की होती. तिनेच बोट ठेवलं. इथला काठ विरला आहे. या खालच्यावर सावली निम्मी झाली. हा सगळ्यात खोल, तो आहे तसाच. लाली नाकाजवळ अजून आहे, पण कानाकडची गेली.

"सुधारणेला दहातले तीन मार्क," डॉक्टर म्हणाली.

"तीनच," भक्ती म्हणाली. तिला अडीच वाटत होते.

डॉक्टरने जूनचं पान पुन्हा काढलं. खोडलेला शब्द तिने नवीन लिहिला नाही. खाली लिहिलं, 'आधीची नोंद बरोबर होती', आणि तारीख घालून सही केली. मग हाक मारली, "सुजित, पेटी उघडा."

"मॅडम, साडेचारला तरी निघायला लागेल. रो-रो माझ्यासाठी थांबत नाही."

"आत्ता दीड वाजलाय. मलम लावतेय. चहा पिऊन या."

सुजितने भक्तीकडे पाहिलं. "आत्ताच बांधली होती," तो पेटीला म्हणाला आणि पट्टा सोडायला लागला.

दिवाळी झाली. गाल बरे झाले म्हणावं असं काही झालं नव्हतं. दहातले साडेतीन, फार तर. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चाचांचं ऑपरेशन झालं. त्या सोमवारी भक्तीने नऊ वाजता शटर वर केलं. आईला तिने सांगितलं नव्हतं, तरी जयमालाने डब्यात घावन दिले होते. लेकीचं ते नाव तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं, किंवा आलं असेल तर तिने तसं दाखवलं नाही. भक्तीने त्यातला एक उभ्याने खाल्ला.

दिवे लावले आणि तिच्या लक्षात आलं, स्टुलावर बसायला कोणी नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"साफ न्हाय करायचा, हां." भागोजी नाखवा, सत्तरीच्या पुढे गेलेले, सवयीने पडद्याकडे बघून बोलले. मग त्यांना पडदा बाजूला सारलेला आणि खुर्ची रिकामी दिसली. "चाचा कुठं हाय? आन् आतली पोरगी?"

"चाचा दवाखान्यात. गुडघे. आतली पोरगी मीच."

भागोजींनी काठी काउंटरला टेकवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं, उजवा गाल, मग डावा. सकाळचं ऊन दारातून सरळ तिच्या तोंडावर येत होतं. ती बाजूला झाली, पण फक्त उन्हातून, त्यांच्या नजरेतून नाही.

"तू व्हय," ते म्हणाले. "मंग तुला तर ठावं असायला पायजे हुतं. दुसऱ्याचा वण पुसू नये ते."

"ठाऊक होतं, म्हणूनच पुसला," भक्ती म्हणाली.

भागोजींनी हनुवटीवरून हात फिरवला आणि स्टुलावर जाऊन बसले. "काय झालतं?"

"मुरुम."

"माझा दोर तुटला हुता. येकदाच लागला, काम झालं. तुझं लय दिवस चाललेलं दिसतंय."

"अजून चालू आहे. सरळ बघा, नाखवा."

तिने कॅमेरा डोळ्याला लावला, एक फोटो काढला आणि मागच्या काचेत पाहिलं. हनुवटीवरचा वण पांढरा पडला होता, डावा दिवा फार जवळ होता. तिने तो वीतभर मागे सारला.

"झाला?"

"हा नाही. हा लाईट बघायचा होता."

"मंग तो पुसनार?"

"नाही," भक्ती म्हणाली. "तो राहतो. हलू नका, आता तुमचा काढते."